विहिरीचं पाणी किती खोल?

नांदेड, १६ एप्रिल

चि. बाळास,

सांताक्रूझचा सहा महिन्यांचा कोर्स करून तू लातूरच्या अग्निशमन दलात रुजू झालास, हे ताईकडून कळलं. सर्टिफिकेट लॅमिनेट करून देवघराशेजारी लावलंय म्हणे. असू दे. पण त्या कागदात मुंबईचं शिक्षण आहे, लातूरचं तुझं तुलाच घ्यायचंय. फोनवर तू नुसतं ‘हो मामा, हो मामा’ करतोस, म्हणून लिहायला बसलो.

पंपाचंच घे. सक्शनमधून पाणी चढतं ते बाहेरच्या हवेच्या दाबाने. पुस्तकात दहा मीटर लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात सात-साडेसात मिळाले तरी पुष्कळ. आम्हाला नांदेडला गोदावरी आहे, घाटावर गाडी लावली की काम झालं. तुमच्या गावाला एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. तिथे मे महिन्यात विहिरीत पाणी चमकताना दिसेल, पण पन्नास फूट खाली. गाडीवरचा पंप ते उचलणार नाही. मग पाण्यात सोडायचा पंप हवा, नाहीतर टँकर. हे वर्दी आल्यावर कळून काय उपयोग? सुट्टीच्या दिवशी मोटरसायकल काढ आणि वहीत लिहून ठेव: कुठल्या विहिरीचं पाणी किती खोल, काठापर्यंत गाडी जाते का. तुमच्या गंजगोलाईच्या बाजारात सोळा रस्ते मिळतात. दिवाळीच्या गर्दीत त्यातल्या कुठल्या रस्त्याने बंब आत शिरेल, तेही बघ.

माझ्या नोकरीतल्या पहिल्या उन्हाळ्यातली गोष्ट, गावाचं नाव सांगत नाही. कडब्याची गंजी पेटली होती. विहीर शेजारीच, पाणीही वर. सक्शन जोडलं, प्रायमर चालवला, पण गेजचा काटा हलेना. पंप नुसती हवा ओढत होता. कपलिंगमधला रबरी वॉशरच जागेवर नव्हता. सकाळची तपासणी माझी होती आणि वहीत ‘ठीक’ लिहून मी चहाला गेलो होतो. सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून बसवेपर्यंत गंजी संपली होती. तो शेतकरी एक शब्द बोलला नाही. उलट त्याने आम्हालाच पाण्याचा तांब्या आणून दिला. तेव्हापासून मी वॉशर बोट फिरवून बघतो, डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही.

आता माळवदाचं. ड्रिल टॉवरला माळवद नसतं. आपल्या जुन्या घरांवर मातीचा जाड थर, त्याखाली लाकडी तुळया. आग तुळईत धुमसत राहते, वरून पाणी मारलं की माती भिजून आणखी जड होते. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीत असल्याच दगडमातीच्या ओझ्याखाली हजारो माणसं गेली, आणि तो तर भूकंप होता, आग नव्हे. छतातून माती झिरपायला लागली की कोणाची वाट न बघता बाहेर पड. साहेब रागावले तर रागावू देत.

परवा १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिनाची मानवंदना देऊन तसाच आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीच्या बंदोबस्ताला गेला असशील. १९४४मध्ये याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये पेटलेल्या जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि स्फोटकंही होती. दलाचे ६६ जण गेले. तुमच्या एमआयडीसीत सोयाबीनच्या तेलाचे कारखाने आहेत. सॉल्व्हंट प्लांटमध्ये हेक्झेन असतं, पेट्रोलसारखं पेट घेणारं. गेटवर पोचलास की होज उलगडता उलगडता पहिला प्रश्न एकच: आत काय काय ठेवलंय? मालक आधी विम्याचं बोलेल, त्याला पुन्हा विचार.

ताईला सांग, पुढच्या महिन्यात लग्नाला येतोय. वही काढून ठेव आणि एक लांब दोरी दगड बांधून तयार ठेव. एखाद्या विहिरीचं माप मीच घेईन.

तुझा मामा