चाचणी कुणाची? मुलांची की गुरुजींची?

आपण इंजिनिअरिंगची मुलं. पहिल्या वर्षाला लॅबमध्ये व्हर्नियर हातात आला की पहिला प्रश्न ठरलेला : लीस्ट काउंट किती? झीरो एरर आहे का? व्हायव्हाला एक्स्टर्नल हटकून हेच विचारतात. मात्र 'अमुक शाळेचा निकाल 40 टक्के' असं पेपरात आलं की हा प्रश्न कुणी विचारत नाही. गुरुजींना नावं ठेवून सगळे मोकळे! मी पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत शिकलो, म्हणून मुद्दाम हा विषय घेतला.

वाद जुनाच आहे

इंग्लंडमध्ये 1862 पासून शाळेचं अनुदान परीक्षेच्या निकालावर ठरू लागलं. इन्स्पेक्टर येऊन वाचन, लेखन आणि गणित तपासायचे. मग शाळा तेवढंच घोकून घेऊ लागल्या. शेवटी 1890 च्या दशकात ती पद्धत मोडीत निघाली.

आपल्याकडे 1882 मध्ये महात्मा फुल्यांनी हंटर आयोगाला निवेदन दिलं. प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावा, त्याला महिना किमान 12 रुपये पगार मिळावा आणि पास होणाऱ्या मुलांच्या प्रमाणात वर भत्ता मिळावा, असं त्यांनी सुचवलं. म्हणजे निकाल बघायला त्यांची हरकत नव्हती. पण आधी प्रशिक्षण आणि पोटापुरता पगार, मग वरचा भत्ता, हा क्रम महत्त्वाचा.

थोडी आकडेमोड

पोलादपूरच्या डोंगरात माणसं मुंबईला गेली आणि वाड्या रिकाम्या झाल्या. एकेका इयत्तेत तीन-चार मुलं असणं तिथे नवलाचं नाही. समजा, चौथीत 4 मुलं आहेत. एक तापानं पडलं की निकाल 25 टक्क्यांनी खाली. 40 मुलांच्या वर्गात तेच एक मूल म्हणजे अडीच टक्के.

स्टॅटिस्टिक्सचं सूत्र आठवा. पास होण्याची शक्यता 60 टक्के धरली, तर 4 मुलांच्या निकालात स्टँडर्ड एरर सुमारे 24 टक्के येतो. 40 मुलांना तो 8 च्या आत, 400 ला अडीचच्या आत. म्हणजे यंदा 50 टक्के आणि पुढच्या वर्षी 75, यात गुरुजींचं कर्तृत्व किती आणि योगायोग किती, हे त्या आकड्यावरून सांगताच येत नाही.

त्यातून शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे (2009) प्राथमिकला 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक. पहिली ते पाचवी दोघांत वाटली की एकाच्या वाट्याला दोन-तीन इयत्ता. कातकरी मुलं तर दिवाळीनंतर आई-बापाबरोबर वीटभट्टीवर जातात. ती हजेरीपटावर असतात, वर्गात नसतात.

2021 चं उदाहरण बघा. 22 जुलैला महाड पुरात बुडालं, तळिये गावावर दरड कोसळली. 12 नोव्हेंबरला देशभर राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण झालं, त्यात तिसरीची मुलंही होती. आपल्या राज्यात ग्रामीण भागात कोरोनामुळे बंद असलेले पहिली ते चौथीचे वर्ग सुरू झाले 1 डिसेंबरला! म्हणजे आधी पेपर, मग शाळा. असं सर्वेक्षण नमुन्यावर चालतं. त्यातून जिल्ह्याचं चित्र दिसतं. एका शाळेचा किंवा एका बाईंचा हिशेब त्यातून काढायला गेलो तर चुकणारच.

मग चाचण्या नकोतच का?

तसं मुळीच नाही. 2005 पासून 'प्रथम'चे 'असर' सर्वेक्षण घरी जाऊन मुलांना दुसरीचा उतारा वाचायला देते. पाचवीतल्या कितीतरी मुलांना तो वाचता येत नाही, हे त्यामुळेच सगळ्यांना कळलं. त्याआधी 'मूल शाळेत आलं ना, झालं' अशी समजूत होती. आणि ज्याच्या घरी क्लासला पैसे नाहीत, त्याचं शिकणं राहिलं की त्याला दुसरा आधार नसतो. काही शिक्षक कामात ढिले असतात, हेही खरंच. संघटनेच्या नावाखाली ते झाकण्यात अर्थ नाही.

2015 च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमात पायाभूत चाचण्या आल्या. मूल नेमकं कुठे अडलंय ते शोधायचं, हा हेतू चांगलाच. पण त्याच आकड्यावर गुरुजींची इभ्रत ठरू लागली, तर वजाबाकी न येणारं मूलही कागदावर 'प्रगत' होतं. मग त्याला मदत कोण करणार?

मला वाटतं, तीन गोष्टी व्हाव्यात :

1) छोट्या शाळेचा टक्का जाहीर करू नये, प्रत्येक मुलाची प्रगती वेगळी बघावी, तीही तीन-चार वर्षांची मिळून.

2) शिक्षकाचं मूल्यमापन वर्गात बसून व्हावं. केंद्रप्रमुखांनी नुसते तक्ते गोळा करू नयेत, तास बघावा आणि सुचवावं.

3) निकाल कमी आला तर नोटिशीआधी मदत पोचावी.

हे आत्ताच का बोलायचं? सप्टेंबर 2023 मध्ये 20 पेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचे प्रस्ताव मागवले गेले. उद्या पटाबरोबर टक्काही बघितला, तर वाडीवरची शाळा बंद करायला एक तापाचं मूल पुरेल. सुट्टीत गावी गेलात की शाळेत जरूर डोकवा. निकाल नंतर विचारा, आधी पट आणि शिक्षक किती ते विचारा.