कार्बनचा एक थर

मटेरिअल सायन्सच्या पेपरात क्रिस्टल स्ट्रक्चर आलं की आपण बीसीसी, एफसीसीच्या आकृत्या काढतो, मार्क घेतो आणि विसरतो. पण अणू कसे बसलेत यावरून एखादं संयुग अतिवाहक (म्हणजे सुपरकंडक्टर, कॉन्व्हेंटवाल्यांना हाच शब्द जवळचा!) होईल की नाही हे ठरू शकतं. याचं छान उदाहरण जवळच सापडतं. नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेस पकडा, मुंबईला उतरून कुलाब्याला जा. तिथे टीआयएफआर आहे.

तिथल्या आर. नागराजन, चंदन मजुमदार, एल. सी. गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांना यिट्रियम, निकेल आणि बोरॉनच्या नमुन्यात १२ केल्विनच्या, म्हणजे सुमारे उणे २६१ अंश सेल्सिअसच्या आसपास अतिवाहकतेचा पुसट माग लागला. नमुन्याचा थोडासाच भाग अतिवाहक होत होता. "कसली तरी भेसळ असेल" म्हणून सोडून देणं सोपं होतं. पण त्यात थोडा कार्बन मिसळल्यावर तोच माग ठळक झाला. जानेवारी १९९४ मध्ये हे 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये छापून आलं.

मला यात सगळ्यात गंमत वाटते ती निकेलची. निकेल म्हणजे चुंबकीय धातू, आणि चुंबकत्व हे अतिवाहकतेचं वैरी. मग जमलं कसं? त्याच वर्षी अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधून याच घराण्यातल्या ल्युटेशियमच्या संयुगाची रचना पुढे आली, आणि उत्तर दिसू लागलं. निकेल-बोरॉनचा एक थर, त्यावर ल्युटेशियम-कार्बनचा एक थर, असे आळीपाळीने थर. प्रत्येक निकेलभोवती चार बोरॉन, आणि दोन थरांना जोडणारी बोरॉन-कार्बन-बोरॉन अशी सरळ साखळी. अशा बसणीत निकेलचं चुंबकत्व उरत नाही. शिवाय बोरॉन हलका, त्यामुळे त्याची कंपनं वेगवान. इलेक्ट्रॉनच्या जोड्या जुळायला जाळीची कंपनंच लागतात.

आता हे पाहा. ल्युटेशियम-कार्बनचा एकच थर असेल तर हे संयुग १६.६ केल्विनलाच अतिवाहक होतं. एकाऐवजी दोन थर घातले, की थेट २.९ केल्विन! मूलद्रव्यं तीच चार. प्रमाण थोडं बदलतं हे खरं, पण मुख्य फरक असा की दुहेरी थरात जोड्या जुळवायला फर्मी पातळीपाशी इलेक्ट्रॉनच्या जागा कमी उरतात. द्रव हेलियम ४.२ केल्विनला उकळतं. त्यात बुडवलं तर पहिलं संयुग अतिवाहक होतं, दुसरं साधा धातूच राहतं.