काँक्रीटच्या घनाची दाबपरीक्षा

उभ्या स्तंभातील काँक्रीट किती भार सोसेल, हे बाहेरून पाहून कळत नाही. म्हणून ओतकामाच्या वेळीच त्याच मिश्रणाचे १५० मिलिमीटर बाजूचे घन पाडतात. साच्यात मिश्रण सुमारे ५० मिलिमीटरच्या थरांनी भरून प्रत्येक थरास सळईचे किमान ३५ ठोके देतात. एका दिवसाने साचा काढून घन सुमारे २७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवतात आणि २८ व्या दिवशी, ओला असतानाच, यंत्रात दाबतात. कारण वाळलेला घन अधिक बळकट भासतो. थापीने सारखा केलेला वरचा पृष्ठभाग पूर्ण सपाट नसतो. यास्तव दाब साच्याला लागलेल्या बाजूंवरच देतात.

समजा, संथपणे वाढविलेल्या ५,४०,००० न्यूटन भाराखाली घन फुटला. या भारास २२,५०० चौरस मिलिमीटर क्षेत्रफळाने भागिले असता सामर्थ्य दर चौरस मिलिमीटरास २४ न्यूटन येते. अशा तीन घनांची सरासरी ग्राह्य मानतात; मात्र एकही घन तिच्यापासून १५ टक्क्यांहून अधिक ढळता कामा नये.

घनासाठी निवडक मिश्रण वेगळे काढल्यास तो परीक्षेत उतरेल. परंतु दुबळ्या स्तंभाचा धोका त्या घरात राहणाऱ्यांच्याच वाट्यास येईल.