आईवडिलांचा सांभाळ

ठाणे, डोंबिवली, कल्याणची घरे लोकलच्या वेळेवर चालतात. मुले-सुना सकाळीच बाहेर पडतात. मग नातवाला शाळेतून आणणे, दळण, दूध हे सारे वृद्ध आईवडील पाहतात. तरीही आपण सांगतो, "आम्ही आईला सांभाळतो." खरे तर सांभाळ दोन्ही बाजूंनी चालू असतो.

आईवडिलांचा मान राखावा ही चौथी आज्ञा. 2007 च्या कायद्यानेही ही जबाबदारी मुलांवर टाकली आहे. ज्यांचा उदरनिर्वाह स्वतःच्या मिळकतीतून होत नाही, ते आईवडील प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे निर्वाहखर्च मागू शकतात. घर मुलाच्या नावे करताना 'आमचा सांभाळ करावा' ही अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहावी. ती पाळली नाही, तर कलम 23 खाली ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येते. अट लिहिल्याने माया कमी होत नाही. मार्गदर्शनासाठी 14567 हा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे.

कायदा खर्च मिळवून देईल. दोन शब्द बोलायला आपणच हवे. आज जेवताना टीव्ही बंद ठेवून विचारू या, "आई, आज दिवसभर काय केलंस?" आणि उत्तर संपेपर्यंत ऐकू या.