मेल येतो-जातो, पण राहतो कुठे?

बिलावर स्वतःच्या नावाचा मेल-पत्ता छापला की धंद्याला वजन येतं. देवनारला आमचं खोक्यांवर छपाई करून देण्याचं छोटं युनिट आहे. गिऱ्हाईकं साकीनाक्यापासून भिवंडीपर्यंत पसरलेली. त्यामुळे आम्हीही डोमेन घेतलं, होस्टिंग घेतलं, विक्री आणि हिशेब अशी दोन खाती उघडली आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रॅममध्ये जोडून घेतली. जोडणाऱ्या माणसाने एक मेल पाठवून दाखवला, एक आलेला दाखवला, पैसे घेतले आणि गेला. अशी जोडणी आज गल्लोगल्ली होते. म्हणूनच आमच्यावर जे गुदरलं ते सविस्तर सांगतो.

पावसाळ्यात वीज सारखी जात-येत होती. एका सकाळी कॉम्प्युटर चालूच होईना. हार्डडिस्क उडाली होती. मेल तर होस्टिंगवर असणारच, या भरवशावर आम्ही ब्राउझरमधून वेबमेल उघडला. इनबॉक्समध्ये अलीकडचे थोडेसे मेल होते आणि पाठवलेल्या मेलचं फोल्डर रिकामं होतं. गिऱ्हाइकाने मंजूर केलेली डिझाइनं, दर ठरल्याचे मेल, कागदवाल्यांची बिलं, सगळं त्या एका डिस्कवर होतं. बिलं पुन्हा मागवता मागवता हिशेबनिसाच्या नाकीनऊ आले. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. तिथे ‘कॉम्प्युटर बिघडला’ हे उत्तर चालत नाही.

कारण एका सेटिंगमध्ये होतं. खातं जोडताना ‘पॉप’ आणि ‘आयमॅप’ असे दोन पर्याय येतात. आमचं पॉपवर जोडलं होतं. पॉपमध्ये मेल सर्व्हरवरून कॉम्प्युटरवर उतरतो आणि सर्व्हरवरची प्रत लगेच किंवा ठरावीक दिवसांनी पुसली जाते. पुष्कळदा ही मुदत १४ दिवसांची असते. पाठवलेला मेल तर सर्व्हरवर ठेवलाच जात नाही. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा जोडणी टेलिफोनच्या तारेवरून व्हायची आणि तासांचा हिशेब असायचा. जोडा, मेल उतरवा, तोडा, या व्यवहाराला पॉप योग्य होतं. आज ऑफिस, घर आणि मोबाइल अशा तिन्ही ठिकाणी तोच मेल लागतो. त्यासाठी आयमॅपच हवं, कारण त्यात मूळ प्रत सर्व्हरवर राहते.

म्हणून खातं जोडताना शेजारी बसा आणि एकेक रकाना बघा. प्रकार आयमॅप, पोर्ट ९९३, सुरक्षा एसएसएल/टीएलएस. पाठवण्याच्या सर्व्हरला पोर्ट ४६५ आणि एसएसएल/टीएलएस, किंवा ५८७ आणि स्टार्टटीएलएस. पोर्ट २५ देऊ नका. स्पॅमच्या भीतीने इंटरनेट पुरवणारे बहुतेक जण ते बंद ठेवतात. युजरनेम म्हणून पूर्ण मेल-पत्ता लिहा. सर्टिफिकेट जुळत नसल्याचा इशारा आला तर ‘अपवाद मान्य’चं बटण दाबून पुढे जाऊ नका. स्वस्त होस्टिंगमध्ये एकाच सर्व्हरवर अनेकांची डोमेनं असतात आणि सर्टिफिकेट सर्व्हरच्या मूळ नावाचं असतं. ते नाव होस्टिंगवाल्याकडून मागून घ्या आणि तेच भरा.

आयमॅप म्हणजे बॅकअप नव्हे, हेही पक्कं ध्यानात ठेवा. मोबाइलवर कुणी मेल पुसला तर तो सगळीकडून जातो. थंडरबर्डचं प्रोफाइल फोल्डर महिन्यातून एकदा बाहेरच्या डिस्कवर उतरवा आणि ती डिस्क कॉम्प्युटरपासून वेगळी ठेवा.

दुसरा फटका पाठवलेल्या मेलचा. आमची कोटेशनं गिऱ्हाइकांच्या स्पॅममध्ये जाऊ लागली आणि ऑर्डरी गप्प झाल्या. डोमेनच्या वतीने कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात, हे सांगणारी एसपीएफ नावाची नोंद डीएनएसमध्ये असते. होस्टिंगची नोंद आधीच होती; बिलाचं सॉफ्टवेअर बसवणाऱ्याने आपली दुसरी वेगळी जोडली. नियमाप्रमाणे एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. दोन झाल्या की तपासणीच फसते. दोन्ही सर्व्हर एकाच ओळीत घातल्यावर कोटेशनं पुन्हा इनबॉक्समध्ये पोचू लागली. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाला एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) सक्तीचं केलं आहे. जीमेलवर दिवसाला ५,००० किंवा त्याहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना दोन्ही, शिवाय तपासणी फसल्यास मेलचं काय करायचं ते सांगणारी डीमार्क ही नोंद लागते. आपलं तपासायचं तर स्वतःच्या जीमेलवर एक मेल पाठवा आणि तिथे तीन टिंबांच्या मेनूतून ‘शो ओरिजिनल’ उघडा. तिन्ही नावांसमोर ‘पास’ दिसायला हवं.

या सगळ्याच्या मुळाशी मालकी आहे. डोमेन तुमच्या किंवा संस्थेच्या नावावर नोंदलेलं हवं, जोडून देणाऱ्याच्या नव्हे. रजिस्ट्रारकडे दिलेला संपर्काचा मेल त्याच डोमेनवरचा नको. डोमेनची मुदत संपली की तोही बंद पडतो आणि नूतनीकरणाची सूचनाच मिळत नाही. पासवर्ड हातात घ्या आणि काम संपताच बदला.

जोडणारा माणूस समोर असतानाच शेवटची परीक्षा घ्या. कॉम्प्युटर बंद करायला लावा आणि मोबाइलच्या ब्राउझरमध्ये वेबमेल उघडा. मघाशी आलेला मेल तिथे आहे का? मघाशी पाठवलेला आहे का? दोन्ही दिसले तरच पैसे द्या.