बाबा ‘दुबईला’ गेलेत?

प्रश्न : दीड वर्षापासून यजमान येरवड्याच्या तुरुंगात आहेत. मुलगी नववीत. तिला ‘बाबा दुबईला गेलेत’ असं सांगितलंय. हल्ली उलट बोलते, शाळा बुडवते. काय करू? – एक आई, पुणे

उत्तर : ताई, दुबईहून दीड वर्षात एक व्हिडिओ कॉल येत नाही, हे चौदा वर्षांच्या पोरीला कळत नसेल? तिला बहुधा सगळं ठाऊक आहे. फक्त तुमच्याशी बोलायची सोय नाही. मेलेल्या माणसासाठी रडता येतं, चारचौघं येऊन बसतात. तुरुंगात गेलेल्यासाठी रडायचीही चोरी. ते दाबलेलं दुःख मग रागातून निघतं. काही मुली याउलट अतिशहाण्या होतात, धाकट्यांची आई बनतात. त्यांच्याकडे तर लक्षच जात नाही. तुमची निदान भांडते आहे!

आज रात्री भांडी घासताना शेजारी उभं करून खरं सांगा. गुन्ह्याचा तपशील नको. ‘तुझा यात काही दोष नाही’ हे मात्र स्पष्ट म्हणा. भेटीला यायचं की नाही, ते तिला ठरवू द्या. वर्गशिक्षिकेला विश्वासात घ्या. कैद्यांच्या मुलांना बालसंगोपन योजनेतून मदत मिळू शकते. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात चौकशी करा. ती स्वतःला इजा करत असेल, तर थांबू नका, लगेच मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो.