क्लाऊड शिका, पण काम कुठे अडतं ते आधी बघायला शिका

बारावीचा निकाल लागला की समुपदेशनाच्या खोलीत एक प्रश्न हमखास येतो. गेल्या जूनमध्ये तो साताऱ्याहून आलेल्या एका वडिलांनी विचारला. हातात तीन संस्थांची माहितीपत्रकं, प्रत्येकावर ढगाचं चित्र, आणि शेजारी मान खाली घालून बसलेली मुलगी. "सर, हिला क्लाऊडचा कोर्स लावू का? सगळे म्हणतात, त्यातच स्कोप आहे. पैशांची जुळवाजुळव करतो मी. पण चार वर्षांनी हेही जुनं झालं तर?"

शेवटच्या वाक्यात त्यांची खरी काळजी होती. मी मुलीकडे वळलो. "कॉलेजातून बोनाफाईड काढलंस?"

"काढलं. सहा दिवस लागले."

"त्यात प्रत्यक्ष काम किती वेळाचं होतं?"

ती गप्प झाली. मी कोरा कागद पुढे सरकवला आणि आम्ही एकेक टप्पा लिहायला बसलो. खिडकीवर अर्ज दिला, दोन मिनिटं. क्लार्कने रजिस्टरमध्ये नाव पाहिलं, पाच मिनिटं. मग अर्ज सहीच्या फाइलमध्ये पडून राहिला, दोन दिवस. सही झाली तर शिक्क्याची खिडकी बंद, आणखी एक दिवस. हातात दाखला आला तेव्हा आडनावात चूक निघाली, म्हणून पुन्हा पहिल्यापासून तीन दिवस. सगळी बेरीज केली तर काम जेमतेम पंधरा-वीस मिनिटांचं, बाकी सहा दिवस वाट पाहणं. तिने चुकीच्या जागेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "आडनाव पहिल्या खिडकीवरच मला वाचून दाखवलं असतं, तर तीन दिवस वाचले असते."

मी वडिलांना म्हटलं, "क्लाऊडचा कोर्स लावायचा की नाही ते नंतर ठरवू. तुमच्या मुलीने आत्ता जे केलं, त्यासाठी कंपन्या माणसं शोधतात."

क्लाऊड म्हणजे काय?

घरात लग्न असलं म्हणून कोणी पाचशे ताटं विकत घेत नाही. मंडपवाल्याकडून आणतो, वापरतो, परत करतो, भाडं देतो. क्लाऊडचा व्यवहार असाच आहे. पूर्वी कंपनीला नवा सर्व्हर हवा असेल तर खरेदीची मंजुरी, कोटेशन, ऑर्डर, माल येणं, जोडणी यांत आठवडेच्या आठवडे जात. आता तीच संगणकशक्ती काही मिनिटांत भाड्याने मिळते आणि वापराप्रमाणे बिल येतं. ॲमेझॉनने २००६ मध्ये साठवणुकीची आणि संगणकशक्तीची अशी सेवा सुरू केली, तिथून हा धंदा आजच्या रूपात वाढला. तो आपल्या दाराशीही आला आहे. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई इथे क्लाऊड केंद्रं उघडली, ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत, गूगलने २०१७ मध्ये मुंबईतच.

दहावीचा निकाल आठवा. पंधरा लाखांहून अधिक विद्यार्थी आणि त्यांची घरं एकाच दुपारी एकच गोष्ट उघडायला जातात. वर्षातल्या त्या काही तासांसाठी वर्षभर शेकडो सर्व्हर सांभाळणं परवडणारं नाही. गरजेपुरती क्षमता वाढवायची आणि गर्दी ओसरली की परत करायची, हे क्लाऊडचं बळ. आणि ताटं परत करायची विसरलात तर भाडं चालूच राहतं, हा त्यातला धोका.

लीनची गोष्ट मागापासून सुरू होते

बोनाफाईडच्या कागदावर त्या मुलीने जे केलं, त्या विचाराचं उद्योगांतलं नाव 'लीन'. त्याचं मूळ इचलकरंजीसारख्या मागांच्या गावातल्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही. धागा तुटला आणि माग चालूच राहिला तर खराब कापड विणलं जातं. जपानच्या साकिची टोयोडा यांनी धागा तुटताच आपोआप थांबणारे माग तयार केले. त्यांचा १९२४ चा स्वयंचलित माग पुढे जगभर गाजला. चूक दिसताच थांबायचं, चूक पुढे जाऊ द्यायची नाही, हा विचार त्यांच्या घराण्याच्या मोटार कंपनीत, टोयोटात, रुजला. दुसऱ्या महायुद्धानंतर भांडवल तुटपुंजं असताना ताइची ओनो यांनी त्याला जोड दिली: वाया जाणारं हुडका आणि काढून टाका. वाट पाहणं, नको तितकं बनवणं, साठा करून ठेवणं, उगाच हलवाहलव, चुकीचं काम पुन्हा करणं, अशा सात प्रकारच्या वायफळ गोष्टी त्यांच्या पद्धतीत मोजल्या जातात. या पद्धतीला 'लीन' हे नाव १९८८ मध्ये जॉन क्राफचिक यांच्या लेखातून मिळालं.

आयटीच्या कार्यालयात कापड किंवा लोखंड दिसत नाही, म्हणून वाया जाणारंही दिसत नाही. पण ते असतं. मंजुरीच्या ईमेलसाठी तीन दिवस थांबलेला प्रोग्रामर, कोणीही न उघडणारा अहवाल, एकाच ग्राहकाचा पत्ता तीन ठिकाणी टाइप करणारे तीन कर्मचारी. आज चांगल्या कंपन्यांत प्रोग्रामरने नवा कोड टाकला की चाचण्या आपोआप चालतात, आणि एक जरी नापास झाली तरी तो कोड ग्राहकापर्यंत पोहोचण्याआधीच थांबतो. धागा तुटल्यावर थांबणारा माग तो हाच.

दोन्ही एकत्र का शिकायचं?

नेटफ्लिक्सची हकीकत इथे फार शिकवून जाते. ऑगस्ट २००८ मध्ये त्यांचा डेटाबेस बिघडला आणि तीन दिवस ग्राहकांना डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत. तेव्हा त्यांनी ॲमेझॉनच्या क्लाऊडवर जायचं ठरवलं. सगळं होतं तसं उचलून तिकडे ठेवणं सोपं होतं. पण तसं केलं असतं तर जुन्या सगळ्या अडचणीही सोबत गेल्या असत्या, म्हणून त्यांनी कामाची रचनाच नव्याने बांधली. सर्व्हरसाठी आठवडोनआठवडे थांबणं आणि मंजुऱ्यांची रांग गेली, छोट्या-छोट्या गटांनी स्वतः बदल करून ते लगेच चालू करणं सुरू झालं. हे स्थलांतर जानेवारी २०१६ मध्ये संपलं. सात वर्षं लागली.

याच्या उलटचा अनुभव तुम्हा-आम्हाला रोज येतो. अर्ज ऑनलाइन भरा, त्याची प्रिंट काढा, त्यावर सही घ्या, स्कॅन करून पुन्हा अपलोड करा, आणि मूळ प्रत खिडकीवर जमा करा. संगणक आला, जुनी रांग तशीच राहिली. उद्योगांत असं झालं की क्लाऊडचं बिल वाढतं आणि काम जिथल्या तिथेच. म्हणून क्लाऊड चालवता येतं आणि काम कुठे अडलंय तेही सांगता येतं, अशा उमेदवाराकडे मुलाखतीत लक्ष जातं.

वाट कोणती?

दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. बारावी सायन्सनंतर एमएचटी-सीईटीतून इंजिनिअरिंग, किंवा बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स. बीसीएचा मार्गही चांगला आहे. एआयसीटीईची मान्यता असलेल्या बीसीए अभ्यासक्रमांसाठी २०२४ पासून राज्यात वेगळी सीईटी घेतली जाते, तिचं वेळापत्रक चुकवू नका. कॉमर्सच्या मुलांनी स्वतःला कमी लेखू नये. खरेदी, बिलिंग, साठा हे समजणारा माणूस व्यवसायाच्या आयटीत लवकर पुढे जातो.

कोणत्याही वाटेने जा, पाया एकच. लिनक्स, नेटवर्किंग, एसक्यूएल, पायथन आणि गिट. हे जमेपर्यंत क्लाऊडच्या महागड्या कोर्सला हात लावू नका. त्यानंतर ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्टचं अझ्युर, गूगल यांपैकी कोणतंही एक क्लाऊड नीट शिका. एक पक्कं आलं की दुसरं समजायला वेळ लागत नाही. पुढे डॉकर, कुबरनेटीस आणि टेराफॉर्म ही साधनं. आयआयटी खरगपूरचा क्लाऊड कॉम्प्युटिंगचा अभ्यासक्रम एनपीटीईएल या ऑनलाइन मंचावर मोफत शिकता येतो, फी फक्त परीक्षा द्यायची असेल तर. ॲमेझॉनचं पायाभूत प्रमाणपत्र तीन वर्षं टिकतं. ते मिळवायला हरकत नाही, पण त्याच्या जोरावर नोकरी मिळेल असं समजू नका. कामातल्या चुका कमी करण्याच्या सिक्स सिग्मा पद्धतीत प्रमाणपत्रांना पट्टे म्हणतात, त्यांचंही तसंच, आधी काम करा, पट्टा नंतर.

सराव करताना एक काळजी घ्या. खातं उघडल्याबरोबर बिलाची सूचना लावा आणि काम झालं की सर्व्हर बंद करा. कॉलेजच्या ईमेलवर अझ्युरचं विद्यार्थी खातं क्रेडिट कार्डाशिवाय उघडता येतं, सुरुवातीला तेच बरं. आपला प्रयोग किती रुपयांत झाला हे लिहून ठेवायची सवय लावा. क्लाऊडच्या खर्चावर लक्ष ठेवणं हे आज कंपन्यांत स्वतंत्र काम आहे, त्याला फिनऑप्स म्हणतात. त्याशिवाय क्लाऊड सपोर्ट, क्लाऊड इंजिनिअर, डेव्हऑप्स, क्लाऊड सुरक्षा, बिझनेस ॲनालिस्ट अशा जागा असतात. सुरुवात बहुधा सपोर्टमधून होते. तिला कमी समजू नका, अडचणींचे खरे धागेदोरे तिथेच कळतात.

पालकांशी थोडं

'शंभर टक्के प्लेसमेंट' असं लिहिलेलं दिसलं तर तीन प्रश्न विचारा. मागच्या तुकडीतले किती जण कुठल्या पदावर लागले? त्यातल्या दोघांशी बोलू द्याल का? मध्येच सोडलं तर फीचं काय? उत्तरं गोलमोल आली तर उठून या. कर्ज काढून कोर्स लावण्याआधी मुलाने मोफत साहित्यावर तीन महिने काढलेत का, ते पाहा. तिथेच टिकला नाही तर पैसे भरून टिकेल असं नाही.

काही गोष्टी आधीच माहीत असलेल्या बऱ्या. सपोर्टच्या कामात रात्रपाळी असते, मध्यरात्री फोन येऊ शकतो. मुलगा असो वा मुलगी, घरी हे बोलून ठेवा. इंग्रजीची भीती बाळगू नका. तांत्रिक माहिती वाचता येणं आणि झालेली अडचण चार सरळ वाक्यांत लिहिता येणं, इतक्यावर सुरुवात होते, आणि मराठी माध्यमातली मुलं ते वर्षभरात शिकतात.

एआय नोकऱ्या घेईल का, असंही तुम्ही विचारता. ठरावीक साच्यातली कामं यंत्रं करू लागली आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. पण कुठलं काम मुळात करायचंच नाही, हे ठरवायला त्या कामाच्या जागी जाऊन पाहावं लागतं आणि तिथल्या माणसांशी बोलावं लागतं. वडिलांच्या 'जुनं झालं तर?' या प्रश्नाला माझं उत्तर हेच आहे. साधनं बदलतील. नजर तयार झाली की नवं साधन शिकायला वेळ लागत नाही.

त्या मुलीने बीसीएला प्रवेश घेतला. दिवाळीत तिचा फोन आला. सुट्टीत तिने वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानाचा नकाशा काढला होता, बोनाफाईडसारखाच. दिवसा बिलबुकात लिहिलेली उधारी वडील रात्री दुकान बंद झाल्यावर वहीत पुन्हा उतरवत होते, रोज तासभर. तिने फोनवरच्या एका साध्या स्प्रेडशीटवर ती एकदाच नोंदवायची सोय केली. "आता बाबा नऊच्या आत जेवायला घरी येतात," ती म्हणाली.